स्ट्रॉबेरी क्रशला पावसाळ्यात रॉकेलचा वास: कारण, तपासणी आणि उपाय

जानेवारी-फेब्रुवारीत भरलेला क्रश मेअखेरपर्यंत बिनतक्रार विकला जातो. पाऊस लागला की फोन सुरू होतात: बाटली उघडली की आधी रॉकेलचा भपकारा येतो, मग स्ट्रॉबेरी. कुणी थिनर म्हणतो, कुणी नव्या प्लास्टिकच्या चपलेचा वास म्हणतो. रंग ठीक, ब्रिक्स (साखरेचे प्रमाण) ठीक, बाटली फुगलेली नाही, वर पांढरा-हिरवा थरही नाही. मग पसरणी घाट उतरणाऱ्या टेम्पोच्या डिझेलवर संशय जातो, बाटलीवाल्यावर जातो. पुढच्या लॉटमध्ये ‘जरा हात सैल सोडून’ पोटॅशियम सॉर्बेट, म्हणजे बुरशी रोखणारे परिरक्षक, पडते, आणि पुढच्या पावसाळ्यात वास आणखी उग्र येतो.

तो उग्र येणारच, कारण या वासाचा कच्चा माल सॉर्बेटच आहे. बुरशीचे बीजाणू उगवताना सॉर्बिक आम्लातला कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइडच्या रूपात काढून टाकतात. सहा कार्बनच्या आम्लातून पाच कार्बनचा १,३-पेंटाडाईन उरतो. तो हायड्रोकार्बन आहे, म्हणजे रॉकेल-पेट्रोलच्या भावकीतलाच, त्यामुळे गिऱ्हाइकाचे नाक चुकलेले नसते. पेनिसिलियम बुरशी सॉर्बेट मोडते हे चीजच्या संदर्भात १९६६ सालीच छापून आले आहे. क्रश, सरबत, जॅम, सॉर्बेट घातलेला पल्प, सगळीकडे दोष तोच.

आधी खरे रॉकेल नाही ना, ते पाहा

२०० मिली क्रश उघड्या पातेल्यात घ्या, ५० ते ६० °से.ला १० मिनिटे ढवळा आणि पुन्हा वास घ्या. पेंटाडाईन ४२ °से.च्या आसपास उकळतो, म्हणून वास झपाट्याने उतरतो. रॉकेल साधारण १५० °से.च्या पुढे उकळते आणि छपाईच्या शाईतला टोल्युइन १११ °से.ला, त्यामुळे यांचा वास मागे रेंगाळतो. पसरट थाळीत पाणी घेऊन त्यावर चमचाभर क्रश सोडण्याची जुनी युक्तीही आहे. इंद्रधनुषी तवंग दिसला तर तेल आहेच. तवंग दिसला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण नाकाला पुरेल इतके रॉकेल डोळ्याला दिसेलच असे नाही.

बाटली फुगली आहे का, हाही चांगला खुणेचा दगड आहे. किलोमागे ५०० मिलिग्रॅम सॉर्बिक आम्ल सगळेच्या सगळे मोडले तरी सुमारे ११० मिली कार्बन डायऑक्साइड होतो आणि त्यातला बराच क्रशमध्येच विरघळून राहतो. उलट यीस्टने नुसती १ ग्रॅम साखर आंबवली तरी अडीचशे मिलीच्या वर वायू होतो. म्हणून फुगलेली, फसफसणारी बाटली म्हणजे यीस्ट. न फुगता रॉकेलचा वास म्हणजे बहुतेक वेळा बुरशी. दोन्ही एकत्र असतील तर स्वच्छतेचे गणित दोन जागी चुकले आहे. काही यीस्टकडेही सॉर्बेट मोडणारे एन्झाइम असते, पण सॉर्बेटला दाद न देणारे प्रत्येक यीस्ट ते मोडतेच असे नाही. न मोडता निवांत जगणारीही आहेत.

आणखी दोन वास याच्याशी गल्लत करतात. स्ट्रॉबेरी वाइनमध्ये सॉर्बेट घातल्यावर जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानासारखा वास आला, तर ते लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचे काम. तिथे सॉर्बिक आम्लाचे क्षपण होते, कार्बॉक्सिल गट निघत नाही. आणि दालचिनी घातलेल्या सरबताला प्लास्टिकसारखा वास आला तर तो स्टायरिन. दालचिनीतून येणाऱ्या सिनॅमिक आम्लावर तेच बुरशीचे एन्झाइम तीच क्रिया करते. स्टायरिन १४५ °से.ला उकळतो, त्यामुळे पातेल्याच्या चाचणीत तो पटकन जात नाही. सिनॅमिक आम्लाची कुळी स्ट्रॉबेरीतही थोडी असतेच, म्हणून उरलेल्या पुसट प्लास्टिकी वासाने गोंधळू नका.

सगळ्यात भक्कम पुरावा फुकट मिळतो. त्याच ड्रममधला पल्प सॉर्बेटशिवाय जॅममध्ये गेला असेल तर तो जॅम हुंगा. जॅम चांगला आणि क्रश रॉकेली, तर डिझेलचा टेम्पो निर्दोष.

उकळून होत नाही ते बुरशी कसे करते

हे कळले की ‘आच कमी करू का?’ हा प्रश्न उरत नाही. कार्बॉक्सिल गट सुटताना मागे राहणाऱ्या कार्बनवर इलेक्ट्रॉनची जोडी येऊन पडते. ती जोडी सामावायला शेजारी जागा असेल तर काम सोपे. ॲसिटोॲसिटिक आम्लात शेजारचा कीटो गट ती सोय करतो. सहा अणूंचे कडे जुळते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, ईनॉल मागे राहतो, आणि हे साध्या तापमानालाही घडते. मॅलॉनिक आम्लाला त्यासाठी १४० °से.च्या आसपास तापवावे लागते. बी.एस्सी.ला सगळ्यांनी लिहिलेली यंत्रणा हीच.

सॉर्बिक आम्लात असा कीटो गट नाही. कार्बॉक्सिल गट दुहेरी बंधाच्या कार्बनवर बसलेला आहे आणि तिथली सुटी जोडी कुणी सामावून घेत नाही. म्हणून कढईतल्या उष्णतेने सॉर्बेटचे डीकार्बॉक्सिलेशन (कार्बॉक्सिल गट निघून जाणे) होत नाही. क्रश तासभर रटरटला तरी पेंटाडाईन बनत नाही. होते ते वेगळेच: वाफेबरोबर थोडे सॉर्बिक आम्ल उडून जाते आणि मात्रा कमी पडते.

बुरशी यासाठी खास अवजार वापरते. एफडीसी नावाच्या एन्झाइममध्ये फ्लेविन नावाचा मदतनीस रेणू असतो, त्याला प्रीनाइल हा पाच कार्बनचा गट जोडलेला असतो. तो सॉर्बिक आम्लाच्या दुहेरी बंधाला दोन टोकांनी पकडतो आणि पाच अणूंचे तात्पुरते कडे बनवतो. आता सुटणारी जोडी फ्लेविन सामावतो, कार्बन डायऑक्साइड निघतो, कडे उलगडते आणि पेंटाडाईन बाहेर पडतो. हा फ्लेविन २०१५ साली उजेडात आला. त्याआधी बरीच वर्षे पॅड१ हे जनुकच कार्बॉक्सिल गट काढते असे मानले जाई. प्रत्यक्षात पॅड१चे प्रथिन फक्त फ्लेविनला प्रीनाइल जोडून देते, कापाकापी एफडीसी करते.

कारखान्याच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी कामाच्या. एक, काळ्या ॲस्परजिलस बुरशीत ही यंत्रणा सॉर्बिक आम्लासारखे आम्ल समोर आल्यावरच चालू होते. दोन, ती जोरात चालते ती बीजाणू उगवण्याच्या टप्प्यात, म्हणजे डोळ्याला बुरशी दिसण्याच्या आधी. ‘वर काहीच दिसत नाही’ हा बचाव म्हणून टिकत नाही.

सॉर्बेट बीजाणूंना मारत नाही, फक्त रोखते. किलोमागे मोजके बीजाणू असतील तर ते अडून राहतात. लाखोंनी असतील तर ते सॉर्बेट खाऊन संपवतात, आणि मग जे सॉर्बेटला घाबरत होते तेही वाढू लागतात. घाण पल्पमध्ये जास्त सॉर्बेट म्हणजे जास्त पेंटाडाईन. ५०० पीपीएम (किलोमागे ५०० मिलिग्रॅम) सॉर्बिक आम्लातून किलोमागे जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम पेंटाडाईन होऊ शकतो. वास यायला त्याचा लहानसा अंश पुरतो.

बीजाणू शिरतात कुठे: चार बाटल्यांची चाचणी

अंदाजाने भिंती धुण्यापेक्षा हे करा. २०० मिलीच्या चार काचेच्या बाटल्या, सगळ्या उकळून घेतलेल्या.

क: संशयित पल्पचा क्रश, सॉर्बेटसह, न तापवता, उकळलेले झाकण.
ख: तोच क्रश, सॉर्बेटशिवाय, न तापवता, उकळलेले झाकण.
ग: सॉर्बेटसह, ९० °से.ला ५ मिनिटे तापवून गरमच भरलेला, उकळलेले झाकण.
घ: ग सारखाच, पण निवल्यावर भरलेला, झाकण थेट गोदामातल्या पोत्यातून, आणि बाटली पाऊण भरलेली.

अंधारात १५ दिवस ठेवा. वाईत खोलीच्या तापमानाला चालते. महाबळेश्वरात जुलैमध्ये खोली इतकी गार असते की महिना लागेल, तेव्हा उबदार कोपरा शोधा. रोज उघडून वास घेऊ नका. पंधराव्या दिवशी एकदाच घ्या.

क ला वास आणि ग ला नाही: बीजाणू पल्पमधून येतात. घ ला वास आणि ग ला नाही: ते भरताना किंवा झाकणातून येतात. ख आंबेल किंवा त्यावर बुरशी चढेल, पण रॉकेलचा वास येणार नाही. आलाच तर दोष सॉर्बेटचा नाही, पुन्हा टेम्पोकडे बघा. ग ला सुद्धा वास आला तर पल्पमध्ये उष्णता सोसणारी मातीतली बुरशी आहे. बिसोक्लॅमिस आणि तिच्या जातकुळीतल्यांचे बीजाणू ८५ °से.ला काही मिनिटे सहज काढतात. स्ट्रॉबेरी जमिनीलगतचे फळ आहे. मल्चिंगचा कागद फाटलेल्या गादीवाफ्यावरचे, माती लागलेले किंवा फळकुजीचे फळ ‘पल्पला चालेल’ म्हणून घेतले की हे पाहुणे आत येतात. इथे आच वाढवण्यापेक्षा निवड कडक करणे स्वस्त पडते. कुजका भाग कापून उरलेले घेण्याची सवय सोडा, अख्खे फळ बाजूला काढा. देठ काढण्याआधी वाहत्या पाण्यात दोनदा धुवा.

क बाटलीत दोष सापडणाऱ्यांपैकी पुष्कळांचा गुन्हेगार म्हणजे ड्रम वितळवण्याची पद्धत. उणे १८ °से.ला ठेवलेला २०० किलोचा ड्रम शेडमध्ये आणून ठेवला की गाभा दोन-तीन दिवस दगड राहतो आणि कडेचा व वरचा थर खोलीच्या तापमानाला पोचतो. वर हवा, खाली ओल: बीजाणूंना याहून चांगली उगवणजागा मिळणार नाही. पल्प १० ते २० किलोच्या चपट्या पिशव्यांत गोठवा आणि आदल्या रात्री ४ °से.च्या खोलीत काढून ठेवा. ड्रमच वापरायचा असेल तर वितळलेला भाग थांबून न राहता काढत जा आणि लगेच तापवा.

घ बाटलीत दोष सापडला तर झाकणांची पोती आधी बघा. पावसाळ्यात ओलसर भिंतीला टेकलेले, तोंड उघडे असलेले पोते म्हणजे बीजाणूंचे कोठार. मलमलची गाळणी, लाकडी उलथने, खोक्यांतले पुठ्ठ्याचे कप्पे यांचीही तीच गत. फडके उन्हात वाळवायचे हा नियम बरोबर, पण जून ते सप्टेंबर ऊन आणायचे कुठून? रोज २० मिनिटे उकळा आणि ओले न ठेवता गरम हवेत वाळवा. काळे ठिपके पडलेले फडके उकळूनही परत वापरू नका. शक्य असेल तर स्टीलची चाळणी घ्या.

पृष्ठभागांसाठी २०० पीपीएम क्लोरीन पुरते: ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे ४ मिली एका लिटर पाण्यात. आधी साबणाने साखरेचा थर काढा, मग हे १० मिनिटे राहू द्या, मग उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. चिकट टेबलावर क्लोरीन ओतणे म्हणजे क्लोरीन वाया घालवणे. द्रावण रोज नवे करा. सायट्रिक आम्लाजवळ नेऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मात्रा: बहुतेक चूक इथे होते

नियमातला आकडा सॉर्बिक आम्लाचा असतो, हातातली पूड पोटॅशियम सॉर्बेटची. १ ग्रॅम सॉर्बिक आम्लासाठी १.३४ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट लागते. १०० किलो क्रशला ५०० पीपीएम हवे असेल तर ६७ ग्रॅम पूड. पुष्कळ ठिकाणी ५० ग्रॅम पडते आणि प्रत्यक्षात ३७३ पीपीएमच मिळते. (५०० हा आकडा हिशेबापुरता. आपल्या उत्पादनाच्या वर्गाला किती मुभा आहे ते अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) तक्त्यात पाहूनच ठरवा.)

पूड थेट आंबट क्रशवर भुरभुरवू नका. पोटॅशियम सॉर्बेट पाण्यात भरपूर विरघळते, पण आम्ल भेटले की त्याचे सॉर्बिक आम्ल होते आणि ते थंड पाण्यात लिटरला दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळते. मग पांढरे कण वर तरंगतात, एका बाटलीत जास्त मात्रा, दुसरीत नाममात्र. नाममात्र मात्रेच्या बाटलीत बीजाणूंना आमंत्रणच. ६७ ग्रॅम पूड अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा, आच बंद केल्यावर, ढवळत, बारीक धारेने घाला आणि झाकण ठेवा. उकळत्या कढईत घातले तर वाफेबरोबर उडते. द्रावण त्याच दिवशी संपवा. पिवळी पडलेली पूड टाकून द्या.

पीएच मीटर एकदा लावून बघा. सॉर्बिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे आम्ल विघटित होते तो आकडा, ४.७६. पीएच ३.५ला सुमारे ९५ टक्के आम्ल अविघटित, म्हणजे कामाच्या रूपात असते, ४.०ला ८५ आणि ४.५ला जेमतेम ६५. स्ट्रॉबेरी बहुधा ३.५च्या आसपास असते, म्हणून तिच्यात पीएच क्वचितच दोषी निघतो. अतिपिकलेल्या फळात किंवा तुतीच्या पल्पमध्ये मात्र बघाच. ब्रिक्सच्या भरवशावरही राहू नका. क्रशचे ५५ ब्रिक्स बुरशीला अडवत नाहीत.

तापवणे आणि भरणे

सगळा क्रश ९० °से.ला ५ मिनिटे, थर्मामीटर लावून. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे पाणी ९५-९६ °से.लाच उकळते. बुडबुड्यांवरून तापमान ओळखायची वाईची सवय वर चालत नाही, आणि जाड पल्प तर कडेला उकळत असताना मध्ये ७० वर असतो. ८५ °से.ला काचेच्या, आधी गरम केलेल्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण लावा, ३ ते ५ मिनिटे आडवी ठेवा म्हणजे गळा आणि झाकणाची आतली बाजूही तापते. मग हळूहळू निववा. साधी पीईटी (प्लास्टिकची) बाटली ७० °से.च्या आसपास मऊ पडते, म्हणून तिच्यात गार भरले जाते आणि सगळी मेहनत झाकणाशी येऊन सांडते. पीईटीच हवी तर गरम भरायची जाड बाटली मागवा. बुरशीला हवा लागते, त्यामुळे वरची पोकळी जितकी कमी तितके बरे.

सॉर्बेट सोडून बेन्झोएट?

हा सल्ला सर्रास दिला जातो. बेन्झोइक आम्लावर हे एन्झाइम चालत नाही, म्हणून रॉकेलचा वास थांबेल हे खरे. पण स्ट्रॉबेरीत १०० ग्रॅममागे ६० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, आणि तांबे किंवा लोहाचा अंश असेल तर क जीवनसत्त्व हायड्रॉक्सिल मूलक (फार क्रियाशील कण) तयार करवते. ते बेन्झोइक आम्लाचे डीकार्बॉक्सिलेशन करून बेंझीन बनवते. ऊन आणि उष्णता त्याला हातभार लावतात. प्रमाण अब्जांशात असते, पण पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाच लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. शिवाय बेंझीन नाकाला कळणार नाही. ओळखू येणारा दोष देऊन न कळणारा दोष घेण्यात शहाणपण दिसत नाही. बेन्झोएट वापरायचेच असेल तर तांब्या-पितळेची भांडी आणि जास्तीचे ॲस्कॉर्बिक आम्ल वर्ज्य, आणि बाटल्या उन्हात मांडू नका. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट बुरशीवर चांगले चालते, पण स्ट्रॉबेरीचा लाल रंग फिका पाडते. पल्प साठवताना ते ठीक, दुकानातल्या बाटलीत गिऱ्हाईक नाराज.

वास आलेला माल

तापवून वास उडतो म्हणून तो परत भरू नका. पेंटाडाईन गेला तरी बुरशीने केलेले बाकीचे तिथेच राहते. बिसोक्लॅमिस आणि पेनिसिलियमच्या काही जाती पॅट्युलिन हे विष बनवतात आणि ते उकळण्याने पुरते जात नाही. तो चांगल्या लॉटमध्ये मिसळणे तर सगळ्यात महाग: बीजाणू सगळीकडे पसरतात. माल टाका, ड्रम आतून धुऊन क्लोरीन लावा, झाकणाचे रबर बदला.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, बर्फात ठेवून पाठवा. प्लास्टिक पेंटाडाईन शोषून घेते. हेडस्पेस जीसी-एमएसवर (बाटलीतल्या वाफेतले पदार्थ ओळखणारे यंत्र) १,३-पेंटाडाईन आणि स्टायरिन असे दोन्ही नावाने मागा, आणि एचपीएलसीवर (द्रवातले घटक मोजणारे यंत्र) उरलेले सॉर्बिक आम्लही. ५०० पीपीएम घातलेल्या लॉटमध्ये ४२० निघाले आणि पेंटाडाईनही सापडला, तर हरवलेल्या ८० पीपीएमचा हिशेब किलोमागे साधारण ५० मिलिग्रॅमपर्यंत पेंटाडाईनशी जुळायला हवा. सापडलेले त्याहून कितीतरी कमी असेल तर बाकीचे सॉर्बेट वाफेने किंवा हवेच्या ऑक्सिजनने गेले, किंवा मुळात तेवढे पडलेच नव्हते. अशा वेळी वजनकाटा आणि त्या दिवशीची बॅचवही आधी तपासा.